व्हॉइसमेलवर बायोडेटा वाचू नका

बेळगाव, निपाणी, खानापूर भागातल्या नोकरीच्या ग्रुपवर एक सल्ला फिरतोय: "व्हॉइसमेलचं ग्रीटिंग इंग्रजीत, मिनिटभराचं ठेवा, त्यात शिक्षण-अनुभव सांगा, मागे मंद संगीत लावा. कंपनीवर छाप पडते." व्हॉइसमेल म्हणजे तुम्ही फोन घेतला नाहीत तर समोरच्याचा निरोप रेकॉर्ड करणारी सोय, आणि ग्रीटिंग म्हणजे त्याआधी त्याला ऐकू जाणारं तुमचं बोलणं. हा सल्ला पाळलात तर आलेला फोन हातचा जाईल.

आधी मिनिटभराचं बघू. बीप वाजेपर्यंत समोरच्याला निरोप ठेवता येत नाही, आणि यादीतली पुढची नावं वाट बघत असतात. शिक्षण-अनुभव त्यांच्यासमोर बायोडेटात आहेच, तो वाचूनच तर फोन केलाय. त्यांना दोनच गोष्टी हव्यात: नंबर बरोबर लागला का आणि उलट फोन कधी येणार. पंधरा ते वीस सेकंद भरपूर झाले:

"नमस्कार, मी (नाव, आडनाव). आत्ता फोन घेता येत नाही. आपलं नाव, कंपनी आणि नंबर सांगा, आज संध्याकाळी सहापर्यंत मी फोन करते."

वेळ पाळता येईल तीच सांगा. दिवसपाळी सहाला सुटत असेल तर सात म्हणा.

"इंग्रजीतच" हा हट्ट आपल्या भागात तर अजिबात चालत नाही. उद्यमबाग-मच्छेच्या कारखान्यातून किंवा हुबळीहून फोन आला तर समोरचा कन्नड बोलणार, कोल्हापूर-पुण्याहून आला तर मराठी. म्हणून जिथे अर्ज टाकलाय तिथली भाषा आधी, मग इंग्रजीत एक ओळ. कन्नडला "नमस्कार, दयविट्टु निम्म हेसरु, नंबर हेळि" एवढं पुरे. चार भाषा कोंबल्या की पुन्हा मिनिट भरतं.

संगीत तर नकोच. फोनचा आवाज मुळातच दाबला जातो, त्यात संगीत मिसळलं की आडनाव कळत नाही. पंखा बंद करा, पावसात पत्र्याच्या खोलीत रेकॉर्ड करू नका, फोन तोंडापासून वीतभर लांब धरा. स्पीकर आणि ब्लूटूथ नको, आवाज विहिरीतून आल्यासारखा येतो. सिनेमाच्या गाण्याची कॉलर ट्यूनही काढा. ग्रीटिंगच्या आधी तीच ऐकू जाते.

या मेसेजात मुळातली गोष्टच सांगितलेली नाही: आपल्याकडे सिमबरोबर व्हॉइसमेल चालू असेलच असं नाही. आधी सिम कंपनीच्या कस्टमर केअरला विचारा. मग कॉल सेटिंगमधल्या फॉरवर्डिंगमध्ये उत्तर नसताना, बिझी असताना आणि रेंज नसताना, हे तीनच पर्याय व्हॉइसमेलच्या नंबरवर वळवा. जांबोटी-कणकुंबीकडच्यांना तिसरा फार कामाचा. "नेहमी" हा पर्याय चालू केलात तर फोन वाजणारच नाही. दुसऱ्याच्या फोनवरून एकदा लावून ऐका.

आणि "मुलाखतीसाठी स्टार ४०१ लावा, मग आमचा नंबर, मग हॅश" असं कोणी सांगितलं तर लावू नका. त्याने तुमचे सगळे कॉल, ओटीपी सांगणारेसुद्धा, त्याच्याकडे वळतात. याच फसवणुकीमुळे दूरसंचार विभागाने १५ एप्रिल २०२४ पासून अशा कोडवरचं फॉरवर्डिंग थांबवायला सांगितलं.