चोर धरायचाय? आधी केबलचा भाव काढा

विहिरीवरची केबल तोडताना चोर सापडला, तर लगेच गचांडी धरू नका. आधी हिशेब करा. नव्या कायद्यात ५,००० रुपयांच्या आतली चोरी अदखलपात्र, म्हणजे वॉरंटशिवाय पोलिसांनाही अटक न करता येणारी, आणि जामीनपात्र. तुम्हा-आम्हाला अटक करता येते ती डोळ्यांदेखत घडलेल्या दखलपात्र, शिवाय अजामीनपात्र गुन्ह्यात. तेव्हा चोराला विचारा, "दादा, किती फूट तोडलीस?" माझी ६० फूट होती, जुनी. रात्री दोनला बॅटरीच्या उजेडात मी भाव न काढताच चोर धरला, चुकलंच माझं.

शेजाऱ्याने ओरडून सांगितलं, हे 'डोळ्यांदेखत'मध्ये बसत नाही. चपलेचे ठसे ओळखले, तेही नाही. कोर्टाने फरार म्हणून जाहीर केलेला असेल तर मात्र खुशाल धरा. तेवढी यादी उशाला ठेवत जा.

घड्याळ हवंच. १ जुलै २०२४ पासून नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४० लागू झालंय. धरलेला माणूस विनाकारण वेळ न लावता, आणि फार तर ६ तासांत, पोलिसांकडे द्यायचा. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ४३ मध्ये तासांचा आकडा नव्हता. मी ११२ ला फोन लावला. शिवार कोणत्या ठाण्याच्या हद्दीत येतं यावर तिकडे बराच खल झाला. जीप आली साडेसहाला. दीड तास राखून पास झालो.

आता मारण्याविषयी. सुटायला झटापट करत असेल तर धरून ठेवण्यापुरता जोर लावता येतो. बस. पण एवढ्यावर गावाचं कसं भागणार? तासाभरात तीस-चाळीस जण जमले. पोराला लिंबाला बांधलं, ठिबकच्या पाइपाने झोडपलं. ज्यांची केबल कधी गेली नाही, ज्यांच्याकडे विहीरच नाही, तेही दोन हात मारून गेले. मी "सोडा रे, हात मोडंल त्याचा" म्हणत होतो, तर "तुला लई पुळका आलाय" म्हणाले. मोडलाच हात. हाड मोडणं म्हणजे गंभीर दुखापत, आणि बांधून ठेवलेल्या माणसाला ती करायची मुभा कोणत्याच कलमात नाही. जीपचा दिवा दिसला अन् लिंबाखाली उरलो दोघंच: तो आणि मी. जमादार विचारतात, "ह्याला कोणी मारलं?" काय सांगू? गावाने?

अरे, लाज वाटू द्या थोडी! धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात १ जुलै २०१८ ला पोरं पळवणारे समजून ५ भिक्षेकऱ्यांना ठेचून मारलं, तेव्हा हेच तुम्ही पारावर हळहळत होता ना? मग त्या रात्री पाइप कोणाच्या हातात होता? मर्द होता तर जबाब द्यायला थांबायचं. आता सकाळ-संध्याकाळ ठाण्याच्या बाकड्यावर मी बसतोय, हरभऱ्याला पाणी द्यायचं सोडून.

आणि मारहाणीचा तो व्हिडिओ ग्रुपवर फिरवणं बंद करा. त्यात तुमचे नुसते हात दिसतात. तोंड एकट्या माझंच आहे.