कोलेहमाइनेनची अमेरिकेतली वर्षं

नमस्कार. फिनलंडचा धावपटू हान्नेस कोलेहमाइनेन याच्यावरचा माझा लेख वाचून तुम्ही लिहिलंत. तुमचं म्हणणं असं की, तो १९१२ च्या स्टॉकहोम ऑलिंपिकमध्येच संपला, मग पैशासाठी फिनलंड सोडून अमेरिकेला गेला, आणि १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकमधलं मॅरेथॉनचं सुवर्ण त्याला नशिबानं मिळालं. मला हे अजिबात पटत नाही.

एक चूक मात्र तुम्ही बरोबर पकडलीत. त्याची अँटवर्पमधली २:३२:३५.८ ही वेळ मी लेखात आजच्या मॅरेथॉनशी जशीच्या तशी ताडून पाहिली. अँटवर्पचा रस्ता ४२.७५ किलोमीटरचा होता, आजच्यापेक्षा साडेपाचशे मीटर लांब. म्हणजे त्याची धाव मी लिहिली त्याहून भारीच ठरते : किलोमीटरला साधारण ३ मिनिटं ३४ सेकंद.

आता पैशाचं. न्यूयॉर्कमध्ये तो गवंडीकाम करायचा. थोरला भाऊ विल्यम तिथे पैशासाठी शर्यती पळायचा. हान्नेसनं तीच वाट धरली असती तर ऑलिंपिकचं दार बंद झालं असतं, कारण तेव्हा हौशी खेळाडूंनाच तिथे प्रवेश होता. तो विटा रचत राहिला आणि हौशी म्हणूनच पळत राहिला. १९१७ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये चौथा आला. जिंकला तो बिल केनेडी, तोही गवंडीच! स्टॉकहोमला ५००० मीटरमध्ये फ्रान्सच्या ज्याँ बुएँला शेवटच्या काही पावलांत गाठून ०.१ सेकंदानं हरवणारा हा ट्रॅकवरचा गडी. लांब रस्त्यावर पळण्यात तो अमेरिकेत मुरला. ही वर्षं वजा केलीत तर अँटवर्प उरतच नाही.

आणि देश सोडल्याचं म्हणाल, तर स्टॉकहोमला त्याच्या विजयानंतर रशियाचा झेंडा चढला, कारण फिनलंड तेव्हा झारच्या ताब्यात होतं. तो पाहून आपण जिंकलोच नसतो तर बरं, असं त्याला वाटलं होतं म्हणतात. अँटवर्पला तो फिनलंडकडूनच पळाला आणि या वेळी झेंडा स्वतंत्र फिनलंडचा होता. अमेरिकेचं नागरिकत्व त्यानंतरचं.

‘यापेक्षा आपल्या माणसांवर लिहा’ हे मात्र मनापासून मान्य. अँटवर्पच्या त्याच रस्त्यावर, त्याच दिवशी बेळगावचे फडेप्पा चौगुले २ तास ५० मिनिटांत १९ वे आले होते. किलोमीटरला जेमतेम चार मिनिटं! पुढचा लेख त्यांच्यावरच लिहितोय. तुम्ही बेळगावकडचे असाल आणि कुणाकडे त्यांचा जुना फोटो किंवा कात्रण असेल, तर जरूर कळवा.