विहिरीला ऑइल लागलं

आमची गाडी २००७ ची. २०२२ ला पंधरा वर्षं भरली तेव्हा आरटीओत खेटे घालून, ग्रीन टॅक्स भरून तिचं रीपासिंग करून घेतलं, म्हणजे सरकारच्या मते ती २०२७ पर्यंत धडधाकट आहे, पण हे तिला कुणीतरी समजावून सांगायला हवं होतं.

जानेवारीत सिंहगड रोडच्या सिग्नलला उभी असताना ती थरथरायला लागली. थंडीने नाही. गॅरेजवाले ज्याला 'मिसिंग मारते' म्हणतात ते. चार सिलिंडरच्या गाडीत एक सिलिंडर काम करेनासा झाला की कसं होतं, तर चार भावांतला एक घरी बसून खातो आणि उरलेले तिघे घर ओढतात, तसं. पेट्रोलचा वाटा मात्र तोही घेतो. घाट सोडा, सोसायटीच्या गेटचा चढ चढताना तिने असा आवाज काढला की वॉचमन खुर्चीतून उठून उभा राहिला, जे तो एरवी चेअरमनसाठीही करत नाही.

तळमजल्यावरच्या काकांनी बाल्कनीतूनच निदान केलं. "बोअरिंगला आली रे. काढून टाक." बोअरिंग म्हणजे झिजलेले सिलिंडर आतून घासून मोठे करणं, अख्खं इंजिन खोलायचं काम. काकांकडे कधीकाळी पद्मिनी होती आणि जगातल्या सगळ्या गाड्या शेवटी बोअरिंगलाच येतात अशी त्यांची श्रद्धा आहे. गॅरेजचा मिस्त्री त्यामानाने सावध. "साहेब, हेड खोलायला लागेल. बाकी काय ते खोलल्यावर कळेल." किती खर्च? "वीस धरून चला." वीस म्हणजे वीस हजार, हे मला घरी पोचेपर्यंत स्वतःला समजवावं लागलं.

मग रविवारी सकाळी मीच बोनेट उघडलं. चार-पाच व्हिडिओ बघून झाले होते, तेवढ्यावर माणूस काहीही करायला धजावतो. वरचं प्लास्टिकचं झाकण काढलं, प्लगला ठिणगीची वीज पुरवणाऱ्या कॉइलचा बोल्ट दहाच्या पान्याने सोडवला, कॉइल ओढली आणि ती कढईतून काढलेल्या मिरचीच्या भज्यासारखी तेल गाळत बाहेर आली. आत टॉर्च मारला. खोल नळीच्या तळाशी प्लग दिसायला हवा, तर मला माझाच चेहरा दिसला. नळीत ऑइल भरलेलं. दोन आणि तीन नंबर अर्ध्यापर्यंत, चार नंबर ओलसर, एक नंबर कोरडा ठणठणीत. आमच्या गावाकडे सहा ठिकाणी बोअर मारून विहिरीला पाणी लागलं नाही, आणि इथे पार्किंगमध्ये उभ्या उभ्या ऑइल लागलं!

भानगड अशी आहे की प्लग बसतो खाली इंजिनच्या डोक्यात आणि त्याच्यापर्यंत जाणारी नळी टॅपेट कव्हरमधून, म्हणजे इंजिनच्या डोक्यावरच्या झाकणातून, आरपार जाते. कव्हरच्या आत कॅमशाफ्टवर सतत ऑइल उडत असतं. ते नळीत उतरू नये म्हणून नळीच्या तोंडाशी एक गोल रबरी सील असतं, प्रत्येक नळीला एक. वर्षानुवर्षं उष्णता खाऊन ते रबर कडक होतं आणि ऑइल पाझरायला लागतं. मग कॉइलचं रबरी बूट, म्हणजे प्लगवर बसणारं आवरण, त्यात भिजून फुगतं आणि ठिणगी प्लगच्या टोकाला जायचं सोडून वाटेतच भलतीकडे पळते. झालं, एक भाऊ घरी बसला.

हे सगळं मी चहा पिताना बायकोला अत्यंत तांत्रिक भाषेत समजावलं. ती म्हणाली, "म्हणजे कुकरची रिंग गेलीय."

"तसं नाही गं, टॅपेट कव्हरचं पॅकिंग आणि त्याचं..."

"तेच ते. फ्रीजरमध्ये ठेवून बघितलीस?"

मला राग यायला हवा होता, पण याहून नेमकं वर्णन मिस्त्रीलाही जमलं नसतं.

आता ऑइल बाहेर कसं काढायचं? कारण तसाच प्लग सोडवला तर सगळं खाली सिलिंडरमध्ये. फडकं पोचत नव्हतं, औषधाच्या सिरिंजने दर वेळी चमचाभर येत होतं. शेवटी माळ्यावरून चिरंजीवांची गेल्या रंगपंचमीची पिचकारी काढली, तोंडाला फिशटँकची नळी जोडली आणि सुर्रकन ओढलं. काय सांगू, असा आनंद नोकरीत कधी मिळाला नाही. प्लग काढून बघितले तर चारही टोकं छान कोरडी, बिस्किटाच्या रंगाची. म्हणजे ऑइल वरूनच येत होतं, खालून नाही, पिस्टनच्या रिंगा शाबूत. टोक काळं ओलं निघालं असतं तर काकांची श्रद्धा खरी ठरली असती. मी चारही प्लग हातावर ओळीने मांडून काकांना दाखवले. "हं," ते म्हणाले, "सुरुवातीला असंच दिसतं."

पुण्यातल्या स्पेअर पार्टच्या बाजारात, नाना पेठेत गेलो, टॅपेट कव्हरचं पॅकिंग मागितलं, "लोकल देऊ का ओरिजिनल" या प्रश्नाला छाती काढून ओरिजिनल म्हणालो, घरी येऊन बसवलं. वरून केकवर क्रीम फिरवावं तसं सगळीकडून सिलिकॉन फिरवलं. चार दिवस गाडी सुतासारखी चालली. पाचव्या दिवशी त्याच सिग्नलला तीच थरथर, कॉइल काढली तर पुन्हा भजं.

पुन्हा नाना पेठ. दुकानदाराने चष्म्यावरून बघितलं. "सील नाही घातले?"

"पॅकिंगबरोबर येतात ना?"

"तुमच्या मॉडेलला वेगळे येतात."

"अहो, मग त्या दिवशी का नाही सांगितलंत?"

"तुम्ही पॅकिंग मागितलंत."

चार सील मिळून दोनशेच्या आत. वीस हजारातून दोनशे वजा केल्यावर जे उरतं त्याला पेट्रोलच्या गाड्यांच्या दुनियेत 'खोलल्यावर कळेल' म्हणतात.

दुसऱ्यांदा कव्हर काढून उलटं केलं, जुनं सील स्क्रू ड्रायव्हरने उचकटलं तर चकलीसारखा कट्ट आवाज करून तुटलं. रबर, आणि चकलीसारखं! नवीन सील बरोबर त्याच मापाचा सॉकेट वर धरून हलक्या हाताने ठोकून बसवायचं, तिरपं गेलं की संपलं. आधीचं सिलिकॉन खरवडण्यात सगळी संध्याकाळ गेली, कारण ते फक्त कोपऱ्यांवर चिमूटभर लावायचं असतं, जास्तीचं आत पडलं की ऑइलच्या वाटेत जाऊन अडकतं, हे व्हिडिओत होतं पण मी तेवढाच भाग पुढे ढकलला होता. बोल्ट मधून सुरू करून आलटून पालटून बाहेरच्या दिशेने आवळायचे, साधारण १० न्यूटन मीटर, म्हणजे मनगटाचा जोर, खांद्याचा नाही, नाहीतर ॲल्युमिनियमचे आटे निघून येतात. काका बाल्कनीतून "आवळ, अजून आवळ" करत होते. मी ऐकलं नाही, चाळीस वर्षांत पहिल्यांदा कुणाचं न ऐकल्याचा फायदा झाला.

चावी फिरवली. एवढं करूनही कुठेतरी सांडलेलं थोडं ऑइल आत गेलं असावं, दोन मिनिटं निळसर धूर निघाला आणि बाल्कनीतून "बोअरिंग!" अशी आरोळी आली. मग धूर विरला आणि इंजिन असं शांत झालं की मी चालू असतानाच पुन्हा स्टार्टर मारला. कर्रर्र.

दोन महिने झाले, विहिरी कोरड्या आहेत. पिचकारी मी साबणाने धुतली होती, म्हणजे बाहेरून. रंगपंचमीला चिरंजीवांनी ती परस्पर माळ्यावरून काढली, गुलाबी रंग भरला आणि पहिला नेम काकांच्या पांढऱ्या सदऱ्यावर धरला. काकांनी सदऱ्यावरचा गुलाबी-काळा ओघळ बोटाने पुसला, वास घेतला, आणि भरल्या रंगपंचमीत माझ्याकडे विजयी नजरेने बघून म्हणाले, "इंजिन ऑइल. बघ, सांगत नव्हतो?"