विनाइल फ्लोअरिंग टाकायच्या आधी खालच्या प्लायकडे बघा हो

"प्लायवर विनाइल टाकायला तयारी बियारी काही लागत नाही, झाडून घ्या, फोम अंथरा आणि टाका" असं सांगणारा मेसेज सगळीकडे फिरतोय. वाचून खरंच वाईट वाटलं, कारण लोक त्यावर विश्वास ठेवून चांगल्या मटेरियलची वाट लावतायत. एकेक मुद्दा घेतो.

त्यात म्हटलंय की विनाइल लवचिक असतं त्यामुळे खालचं उंचसखल झाकलं जातं. अहो, लवचिक आहे म्हणूनच तर झाकत नाही! दोन-तीन मिमीची शीट, खाली जे असेल ते तसंच्या तसं वर उमटणार, प्लायचा जॉइंट असो नाहीतर स्क्रूचं डोकं. एका खोलीत मी स्वतः एक स्क्रू किंचित वर राहिलेला तसाच सोडला होता, बोटाला जेमतेम लागत होता, घाई होती म्हटलं एवढ्याने काय होतंय, आणि काही महिन्यांत बरोबर त्याच जागी नाण्याएवढा गोल डाग दिसायला लागला, कारण येता-जाता तेवढाच उंचवटा घासला जात होता. शेवटी तो तुकडा कापून नवा बसवला. तेव्हापासून रुंद पात्याचा स्क्रॅपर अख्ख्या प्लायवर सरकवत नेतो, जिथे खट् वाजलं तिथे स्क्रू आत घ्यायचा. मग दिवे बंद करून टॉर्च जमिनीला टेकवून धरायची, तिरक्या उजेडात प्रत्येक फुगलेल्या जॉइंटची सावली पडते, दिवसा उभ्याने बघून त्यातलं निम्मंही दिसत नाही.

"फोमने लेव्हल होतं" हा दुसरा मुद्दा. फोम दबतो, लेव्हल करत नाही. एकमेकांत अडकवायच्या क्लिकवाल्या विनाइल पट्ट्यांखाली खड्डा असला की प्रत्येक पावलाला पट्टी खाली-वर होते आणि तिचं बारीकसं लॉक एक दिवस तुटतं. साधारण नियम असा की ३ मीटर लांबीत ५ मिमीपेक्षा जास्त फरक नको, सरळ पट्टी ठेवून तपासा, उंच भाग सँडरने घासा, खड्डे भरा. पट्टीला खालून फोम आधीच चिकटवलेला असेल तर फोमचा अजून एक थर बहुतेक कंपन्या चालवूनच घेत नाहीत. आणि शीट गोंदाने चिकटवायची असेल तर फोमचा प्रश्नच येत नाही.

भेगा भिंतीच्या पुट्टीने भरा म्हणे! ती भिंतीसाठी असते, पायाखाली तिचा भुगा होतो. फ्लोअरसाठीचं सिमेंटवालं पॅचिंग कंपाउंड घ्या, पण त्याआधी प्लाय जिथे करकरतो तिथे खालच्या जॉइस्टमध्ये (प्लायला आधार देणाऱ्या लाकडी तुळईत) स्क्रू मारून हलणं थांबवा, नाहीतर भरलेलं सगळं परत तडकणार. यासाठी ड्रायवॉलचे स्क्रू नकोत, ते ठिसूळ असतात, डोकी तुटतात. सेल्फ लेव्हलिंग (आपोआप सपाट पसरणारं पातळ मिश्रण) ओतणार असाल तर आधी प्रायमर लावाच, कोरडा प्लाय त्यातलं पाणी पिऊन टाकतो आणि थर सुटतो. (हो, आणि प्लायवर मापं पेन्सिलीनेच लिहा, मार्करची शाई हळूहळू विनाइलमधून वर येते.)

"विनाइल वॉटरप्रूफ आहे, ओल बघायची गरज नाही" हे तर उलटंच आहे. वरचं पाणी खाली जात नाही तशी खालची ओलही वर निघत नाही, मग प्लाय आतल्या आत फुगतो, बुरशी धरतो, कुजतो. मॉइश्चर मीटर लावून बघा, लाकडात १२-१३ टक्क्यांच्या वर ओल दाखवत असेल तर थांबा आणि ती येतेय कुठून ते आधी शोधा.

आणि मेसेजमधली सगळ्यात धोक्याची ओळ, "जुनं विनाइल ग्राइंडरने घासून काढा." कृपा करून हे करू नका. १९८० च्या दशकापर्यंतच्या बऱ्याच विनाइल टाइल्समध्ये, शीटच्या पाठीत आणि खालच्या काळ्या गोंदात अ‍ॅस्बेस्टॉस असायचं, घासलं की त्याचे तंतू हवेत उडतात, श्वासातून फुप्फुसात जातात आणि त्यातून कॅन्सर होऊ शकतो. फ्लोअर किती जुनं आहे ते माहीत नसेल तर नमुना लॅबमध्ये तपासून येईपर्यंत त्याला हातसुद्धा लावू नका.