इटाउमाला एवढ्यात उसिकसमोर उभं करू नका

16 ऑगस्ट 2025 च्या रात्री रियाधमध्ये हेवीवेट, म्हणजे सगळ्यात वजनदार गटातला तरुण बॉक्सर मोझेस इटाउमा याने डिलियन व्हाइटला पहिल्याच राउंडमध्ये संपवलं. दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत. व्हाइट उठून उभा राहिला खरा, पण पाय त्याचं ऐकत नव्हते आणि रेफरीने लढत थांबवली. त्या क्षणापासून सगळ्यांच्या तोंडी एकच प्रश्न आहे: तेव्हाचा हेवीवेट जगज्जेता, युक्रेनचा ओलेक्सांडर उसिक, त्याच्याशी लढत कधी? जगज्जेतेपदाचा पट्टा देणाऱ्या संस्थांपैकी एक असलेल्या डब्ल्यूबीओच्या क्रमवारीत पोरगा तेव्हा पहिला होता, म्हणजे हक्कही पोचत होता. तरीही माझं म्हणणं आहे की एवढ्यात नको. मी त्याच्या पहिल्या लढतींपासून त्याला बघतोय, मनापासून आवडतो तो मला, आणि म्हणूनच हे लिहायला बसलोय.

हेवीवेटमध्ये इतके चपळ हात विशीतल्या पोराकडे असणं ही दुर्मीळ गोष्ट आहे. डावखुरा, अंतराचा अंदाज पक्का, आणि समोरचा जरासा हलला की ठोसे एकापाठोपाठ एक येतात, मध्ये श्वासाचीही फट नसते. गुणवत्तेबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही.

शंका आहे ती त्याने अजून जे बघितलेलंच नाही त्याबद्दल. व्हाइटच्या लढतीपर्यंतचा हिशोब: 13 लढती, 13 विजय, 11 नॉकआउट. उरलेल्या दोन लढती गुणांवर जिंकल्या, त्या सहा-सहा राउंडच्या. म्हणजे सातवा राउंड कसा असतो हे तोवर या मुलाला माहीतच नव्हतं! आणि व्हाइट म्हणाल तर तो 37 वर्षांचा, जोशुआ, पोवेटकिन आणि फ्युरी या तीन नामवंत हेवीवेट बॉक्सरांनी त्याला आधीच नॉकआउट केलेलं.

मी हौशी बॉक्सिंग केलंय, फार वर्षं नाही, पण एक गोष्ट कळण्याइतकं नक्की. ताजेतवाने असताना सगळेच शूर असतात. एकदा स्पारिंगमध्ये, म्हणजे सरावाच्या लढतीत, माझ्याहून अनुभवी माणसाने बरगड्यांखाली एक ठोसा दिला. फार जोराचा नव्हता. पण नंतरचं दीड मिनिट माझा डावा कोपर आपोआप खाली येत राहिला, तो भाग झाकायला, आणि गाल उघडा पडत राहिला. मला ते दिसत होतं, थांबवता येत नव्हतं. त्या माणसाला हेच हवं होतं. मुरलेला बॉक्सर ठोसा मारतो तो पुढच्या ठोशासाठी जागा करायला.

उसिक या कामातला आजचा सगळ्यात मोठा कारागीर आहे. 18 मे 2024 ची फ्युरीबरोबरची पहिली लढत पुन्हा बघा. सहाव्या राउंडपर्यंत फ्युरी मजेत होता, त्याचे अपरकट, म्हणजे खालून वर येणारे ठोसे, उसिकच्या पोटात बसत होते, उसिक मागे मागे सरकत होता. मला वाटलं, गेली लढत. आणि मग नववा राउंड. डावा हात लागला आणि फ्युरी दारूच्या नशेत असल्यासारखा एका दोरावरून दुसऱ्या दोरावर आपटत गेला. रेफरीने मोजायला सुरुवात केली, घंटेने वाचवलं. हातातून चाललेली लढत परत खेचून आणणं हे सहा राउंडच्या लढतीत शिकता येत नाही.

यावर लोक म्हणतात, टायसन 20 व्या वर्षीच जगज्जेता झाला. झाला, नोव्हेंबर 1986 मध्ये, तेव्हाचा जगज्जेता बर्बिक याला दुसऱ्या राउंडमध्ये पाडून. पण त्याआधी तो 27 लढती लढला होता, आणि त्याच वर्षी मे महिन्यात जेम्स टिलिस आणि मिच ग्रीन या दोघांनी त्याला पूर्ण दहा राउंड पळवलं होतं. सगळ्यात लहान वयाचा जगज्जेता विल्फ्रेद बेनितेझ, 1976 मध्ये अवघा 17 वर्षांचा. त्याच्याही गाठीला तोवर पंचवीसेक व्यावसायिक लढती होत्या. वय कमी होतं, शिदोरी नव्हे.

कॅशियस क्लेचं, म्हणजे पुढच्या मुहम्मद अलीचं, उदाहरण मला सगळ्यात जवळचं वाटतं. 1964 मध्ये 22 वर्षांचा क्ले जगज्जेत्या लिस्टनसमोर उभा राहिला तेव्हा बहुतेकांनी त्याला मोडीत काढलं होतं. चौथ्या राउंडनंतर त्याचे डोळे जळायला लागले, काही दिसेना, ग्लोव्हज कापून टाका म्हणाला. त्याचा कोच अँजेलो डंडीने त्याला ढकलून पाचव्या राउंडसाठी बाहेर काढलं, आणि तो अख्खा राउंड त्याने आंधळ्यासारखा पळून काढला. सातव्याला लिस्टन स्टुलावरून उठलाच नाही. पण तो पाचवा राउंड निभावला कसा? आदल्याच वर्षी डग जोन्सने त्याला दहा राउंड झुंजवलं होतं आणि वेम्बलीला हेन्री कूपरने जमिनीवर बसवलं होतं. घाबरायचं कसं आणि घाबरूनही उभं राहायचं कसं, हे तो आधी शिकून आला होता.

माझ्या म्हणण्याला छेद देणारं एक उदाहरण आहे, ते लपवत नाही. खुद्द उसिकने क्रुझरवेटचा, म्हणजे हेवीवेटच्या खालच्या गटाचा, पट्टा दहाव्याच व्यावसायिक लढतीत जिंकला. पण तो लंडन ऑलिंपिकचं सुवर्ण जिंकून आलेला, तिशीला टेकलेला पुरुष होता. आणि नुसतं ऑलिंपिक सुवर्णही पुरत नाही. डेव्हिड रीड आठवतो का? 1996 चा अटलांटाचा सुवर्णविजेता. 14 विजय, एकही पराभव नाही, आणि मार्च 2000 मध्ये फेलिक्स त्रिनिदादसमोर. तिसऱ्या राउंडमध्ये रीडनेच त्रिनिदादला पाडलं! त्यानंतर मात्र रीड चार वेळा खाली गेला, त्यातल्या तीन वेळा एकट्या अकराव्या राउंडमध्ये. दरवेळी उठला. दीडेक वर्षात त्याची कारकीर्द संपली. ती लढत मला आजही शेवटपर्यंत बघवत नाही.

उसिकचं वय झालंय, थांबलात तर संधी जाईल, असंही कुणी म्हणेल. जाऊ दे. उसिक निवृत्त झाला तर पट्टे रिंगमध्येच राहणार आहेत, आणि हा मुलगा डिसेंबर 2025 मध्ये जेमतेम 21 चा झाला. घाई प्रमोटरांना आहे, त्याला असायचं कारण नाही.

त्या रात्री रियाधमध्येच क्रोएशियाचा हेवीवेट फिलिप हर्गोविच पूर्ण दहा राउंड लढून जिंकला. चिवट आहे, ठोसे खाऊनही चालत पुढे येतो. इटाउमाची त्याच्याशी बारा राउंडची लढत लावा. आठवा राउंड संपवून तो कोपऱ्यात स्टुलावर बसेल, तोंड उघडं, छाती भात्यासारखी हलतेय, कोच कानाशी काहीतरी सांगतोय. तेव्हा तो कोचकडे बघतो की समोरच्या कोपऱ्याकडे, ते मला बघायचंय. उसिकचं नाव त्यानंतर काढू.