पाऊस किती पडला नव्हे, किती जोरात पडला: खानापूरच्या वाचकाला उत्तर

नमस्कार. बेळगाव परिसरात टॉवरपासून टॉवरपर्यंत ८० गिगाहर्ट्झच्या रेडिओने डेटा नेण्याबद्दलच्या लेखावर तुमची प्रतिक्रिया वाचली. इतर वाचकांसाठी तिचा गोषवारा आधी देतो. तुमचं म्हणणं असं: "आमच्या खानापूर तालुक्यात आषाढात आठ-आठ दिवस सूर्य दिसत नाही. हा रेडिओ पहिल्या झडीलाच बंद पडेल. वर जांबोटीकडचं धुकं आहेच. तीन किलोमीटर हा आकडा तुम्ही माहितीपत्रकातून उचललेला आहे. दहा गिगाबिटची जाहिरातही तसलीच. फायबर टाका म्हणा, विषय संपला. आणि आमचं गाव मुख्य रस्त्यापासून दोन किलोमीटर आत आहे, तिथं काय लावणार ते सांगा."

यातला एक मुद्दा पूर्ण बरोबर आहे, तो आधी मान्य करतो. तीन किलोमीटर हा आकडा लेखात पावसाचा जोर न सांगता दिला होता. तसा तो अर्धवट ठरतो आणि अर्धवट आकड्यावर कुणी टॉवर उभा केला तर नुकसान त्याचं होतं. ती ओळ दुरुस्त केली आहे. पण झडीबद्दल तुमचा जो अंदाज आहे, तो मात्र उलटा आहे, आणि हा गैरसमज आपल्या भागात इतका पसरलेला आहे की त्यावर सविस्तर लिहायलाच हवं.

रेडिओला वर्षाचा पाऊस कळत नाही, दिवसाचाही कळत नाही. त्या मिनिटाला दोन डिशच्या मधल्या हवेत किती पाणी आहे आणि थेंब केवढे आहेत, एवढंच त्याला कळतं. म्हणून हिशेब मिलिमीटर प्रति तास या जोरावर होतो. तरण्या पावसाची झड लागली आणि चोवीस तासांत १२० मिलिमीटर पडला, तर ओढे फुटतात, शाळेला सुट्टी मिळते. पण सरासरी जोर निघतो तासाला ५ मिलिमीटर. त्या जोराला ८० गिगाहर्ट्झवर दर किलोमीटरला साधारण ३.७ डेसिबल सिग्नल जातो (डेसिबल, थोडक्यात डीबी, हे घट मोजायचं माप; १० डेसिबल गेले की ताकद दहावा हिस्सा उरते). मधूनच सर वाढली, तासाला २० मिलिमीटरचा जोर आला, तरी १० डेसिबलच्या आतच. आता मे महिन्यातला वळीव घ्या. पंधरा मिनिटांत २५ मिलिमीटर. दिवसाची नोंद २५ च, गावकरी म्हणणार जरा शिडकावा झाला. पण जोर तासाला १०० मिलिमीटर, आणि दर किलोमीटरला ३१ डेसिबल साफ. हत्तीच्या पावसाचंही तेच. म्हणजे कणकुंबीच्या आषाढापेक्षा अथणीकडचा एखादा वळीव या रेडिओला जास्त जड जातो, जरी अथणीचा वर्षाचा पाऊस कणकुंबीच्या पासंगालाही पुरत नसला तरी.

तुम्ही विचारलंय ते दोन किलोमीटरचं अंतर आहे, तर त्याचाच हिशेब मांडू. दोन्ही टोकांना ६० सेंटीमीटरच्या डिश, प्रत्येकीचा गेन, म्हणजे सिग्नल एका दिशेला एकवटून मिळणारी वाढ, सुमारे ५० डीबी. रेडिओची पाठवण्याची ताकद १५ डीबीएम (एका मिलिवॉटच्या तुलनेत मोजलेले डीबी). बेरीज ११५. दोन किलोमीटरच्या मोकळ्या हवेत ८० गिगाहर्ट्झचा सिग्नल १३६.५ डीबी घटतो, हवेतला ऑक्सिजन आणि बाष्प मिळून अजून ०.८ घेतात. कोरड्या दिवशी पलीकडे पोचतो उणे २२ डीबीएम. २५० मेगाहर्ट्झच्या कॅरिअरवर, म्हणजे वापरायला मिळालेल्या लहरींच्या पट्टीवर, पूर्ण वेगाला (डेटा दाट भरायच्या २५६ क्वाम या पद्धतीला) साधारण उणे ५५ लागतो. रेडिओ सगळ्यात खालच्या, संथ पायरीवर, क्यूपीएसकेवर उतरला, तर उणे ७४ पर्यंत तग धरतो. हातात राहिले ३३ आणि ५२ डीबी.

यातून ओल्या डिशचं वजा करायला बहुतेक जण विसरतात. रेडोमवर, म्हणजे डिशच्या तोंडावरच्या आवरणावर, पाण्याचा पातळ पापुद्रा बसला की प्रत्येक टोकाला दोन-तीन डीबी जातात, जुन्या धुळकटलेल्या रेडोमवर जास्तच. दोन्ही टोकांचे मिळून ६ धरा. उरले २७ आणि ४६. दोन किलोमीटरने भागा: पूर्ण वेगाला दर किलोमीटरला साडेतेरा, जिवंत राहायला २३. पावसाच्या भाषेत सांगायचं तर तासाला ३० मिलिमीटरच्या जोरापर्यंत पूर्ण वेग, सुमारे ६५ पर्यंत लिंक जिवंत, त्यापुढे बंद. तुमची आषाढझड याच्या कितीतरी खाली राहते. वळीव मात्र लिंक पाडणार, दहा-वीस मिनिटं पाडणार, आणि ते आधीच धरून चालायचं.

हाच हिशेब तीन किलोमीटरला केला तर ६० सेंटीमीटरच्या डिशवरही ३३ मिलिमीटरच्या आसपास लिंक जाते. ३० सेंटीमीटरची डिश लावली तर २० लाच. एक किलोमीटरला मात्र ३० सेंटीमीटरची डिशसुद्धा १४० पर्यंत टिकते. म्हणून आपल्या भागापुरता नियम असा: एकट्या ८० गिगाहर्ट्झवर भरवसा ठेवायचा तर एक किलोमीटर, फार तर सव्वा. त्यापुढे जोडीला खालचा पट्टा हवाच.

जोडी म्हणजे काय? त्याच खांबावर १५ गिगाहर्ट्झचा दुसरा रेडिओ. तासाला १०० मिलिमीटरच्या पावसात तो दर किलोमीटरला ८ डीबी गमावतो, दोन किलोमीटरला १६, आणि तेवढी शिल्लक त्याच्याकडे आरामात असते. २८ मेगाहर्ट्झच्या कॅरिअरवर तो १८० मेगाबिटच्या आसपास देतो. मोठा रेडिओ पंधरा मिनिटं पडला तरी फोन, यूपीआय, पंचायत कार्यालयाचं काम या छोट्या वाटेने चालू राहतं. व्हिडिओ अडकेल, तो अडकू द्यावा.

पण नुसते दोन रेडिओ लावून भागत नाही, आणि बिघाड सगळ्यात जास्त इथेच होतो. पाऊस वाढला की ८० गिगाहर्ट्झचा रेडिओ एकदम बंद पडत नाही, एकेक पायरी खाली उतरतो. दीड गिगाबिटवरून साडेतीनशे मेगाबिटवर येतो. मागच्या राउटरला याचा पत्ताच नसतो. त्याच्या दृष्टीने पोर्ट चालू आहे, तो दीड गिगाबिट ढकलत राहतो, रेडिओच्या बफरमध्ये पॅकेट सांडतात आणि सगळ्यात आधी फोनचा आवाज तुटतो. पाहणाऱ्याला वाटतं लिंक पडली, प्रत्यक्षात लिंक उभी असते. यावर उपाय दोन. आवाज, सिग्नलिंग आणि रेडिओचं स्वतःचं व्यवस्थापन यांना वरचा प्राधान्यक्रम रेडिओच्याच रांगेत द्यायचा, फक्त राउटरमध्ये देऊन उपयोग नाही. आणि रेडिओ घटलेला वेग राउटरला कळवू शकत असेल तर ती सोय चालू करायची, बऱ्याच ठिकाणी ती तशीच बंद पडून असते.

धुक्याबद्दल थोडक्यात. पन्नास मीटरवरचं दिसू नये इतकं दाट धुकं असलं तरी ८० गिगाहर्ट्झला दर किलोमीटरला दोनएक डेसिबलच लागतात. धुक्याचे थेंब या लहरींच्या मानाने फार बारीक. धुक्याने मरतो तो लेझरने हवेतून डेटा नेणारा संच. दोन्हीला "वायरलेस फायबर" म्हणायची पद्धत पडल्यामुळे एकाचं अपयश दुसऱ्याच्या माथी बसलंय.

धुक्यापेक्षा झाडांकडे बघा. साग, फणस, निलगिरी, काहीही मध्ये आलं की ८० गिगाहर्ट्झ संपला, पानं ओली असोत की कोरडी. एवढं बरं की या पट्ट्याला मोकळी जागा फार लागत नाही. दोन किलोमीटरच्या मध्यावर सरळ रेषेभोवती जेमतेम दीड मीटर पुरते. पण पाहणी मार्चमध्ये पानगळीत करू नका. सागाला पालवी फुटली, निलगिरी वर्षात दोन-तीन मीटर वाढली की जूनमध्ये "पावसाने लिंक गेली" असं म्हणत सगळे आभाळाकडे बघत बसतात. उसाची मात्र भीती नाही, तो वाढून वाढून तीन-चार मीटर.

दहा गिगाबिटच्या जाहिरातीवरचा तुमचा राग समजतो. तो आकडा खोटा नाही, पण त्याला २००० मेगाहर्ट्झची रुंदी लागते. ७१ ते ७६ आणि ८१ ते ८६ गिगाहर्ट्झ मिळून हा पट्टा मोठा आहे खरा, पण २०२२ च्या लिलावाच्या वेळी मोबाइल कंपन्यांना यातले २५० मेगाहर्ट्झचे दोनच कॅरिअर तात्पुरते मिळाले. एका कॅरिअरवर दीड, दोन्हींवर तीन गिगाबिट, हा आपल्याकडचा व्यवहारी आकडा. आणि कॅरिअर सर्कलनिहाय, म्हणजे दूरसंचार खात्याच्या विभागांनुसार असतात, हे सीमेवर विसरून चालत नाही. बेळगावच्या हद्दीवरून पलीकडे शिनोळीला लिंक टाकली तर एक खांब कर्नाटक सर्कलमध्ये आणि दुसरा चंदगड तालुक्यात, म्हणजे महाराष्ट्र सर्कलमध्ये. दोन्हीकडे तोच कॅरिअर हातात नसेल तर ती लिंक कागदावरच राहते. सांबऱ्याच्या विमानतळाजवळ खांबाच्या उंचीची मंजुरी वेगळी, ती आधी घ्यावी. केबलवाल्या छोट्या इंटरनेट व्यावसायिकांना हा पट्टा परवान्याशिवाय वापरता येत नाही. त्यांच्यासाठी २०१८ पासून परवानामुक्त असलेला ५ गिगाहर्ट्झचा पट्टा आहे. त्याला पाऊस जवळजवळ लागत नाही, पण शहापूर-टिळकवाडीसारख्या दाट वस्तीत एकमेकांच्या रेडिओंचा गोंगाट लागतो.

आता फायबर. जिथे चर खणता येतो तिथे फायबरच टाकावं, यात दुमत नाहीच. पण खानापूरच्या पश्चिमेला भीमगडचं जंगल आहे, तिथे खणायला वनखात्याची परवानगी लागते. रस्ता रुंदीकरण सुरू असलं की जेसीबीच्या एका फटकाऱ्यात केबल तुटते. आषाढात पाण्याने भरलेल्या चरात तुटकी टोकं शोधून जोडायला किती तास जातात ते तुम्हाला सांगायला नको. पावसाने पडलेला रेडिओ पाऊस ओसरला की आपोआप उठतो. वर्षाला ९९.९९ टक्के म्हणजे ५३ मिनिटं बंद. एका फायबर-तुटीत हा वर्षाचा कोटा संपतो. म्हणून दोन्ही हवेत, फायबर मुख्य वाट आणि रेडिओ शेवटचा टप्पा किंवा दुसरी बाजू. जांबोटीच्या पलीकडे कणकुंबीच्या अंगाला लांबचे टप्पे असतील, तर तिथे ८० गिगाहर्ट्झ नकोच. ७ गिगाहर्ट्झ घ्या, १०० मिलिमीटरच्या जोरालाही तो दर किलोमीटरला दोनाच्या आतच गमावतो.

तर तुमच्या गावासाठी: मुख्य रस्त्यावरच्या फायबरपासून गावच्या टॉवरपर्यंत ८० गिगाहर्ट्झ, ६० सेंटीमीटरच्या डिश, जोडीला १५ गिगाहर्ट्झ. ठरवण्याआधी राज्याच्या नैसर्गिक आपत्ती देखरेख केंद्राच्या पर्जन्यमापकांची पंधरा-पंधरा मिनिटांची नोंद मिळवा. ही यंत्रं ग्रामपंचायतनिहाय बसवलेली आहेत. दिवसाची बेरीज बघू नका. पंधरा मिनिटांत १६ मिलिमीटरच्या वर किती वेळा गेला ते मोजा, तेवढ्या वेळा मोठी लिंक पडणार.

६० सेंटीमीटरच्या डिशची शलाका, म्हणजे सिग्नलचा झोत, जेमतेम ०.४५ अंशाची. खांब पाव अंश वळला की एका टोकाला तीन डीबी गेलेच. म्हणून तारांनी ताणलेल्या बारीक खांबावर ही डिश लावू नका, लोखंडी कैचीचा टॉवर हवा. तसा नसेल तर ३० सेंटीमीटरची डिश घ्या आणि पावसाची मर्यादा कमी धरा. डिश जुळवताना वारा पडलेला असावा, म्हणजे सकाळी लवकर. एक टोक स्थिर ठेवून दुसरं आडवं फिरवा, रेडिओच्या पोर्टला मल्टीमीटर लावून व्होल्टेज लिहीत जा. सिग्नलचे तीन उंचवटे मिळतील, मधला खरा. पहिला मिळाला म्हणून तिथेच नट आवळला तर डिश बाजूच्या शलाकेवर बसते, सिग्नल हिशेबापेक्षा वीसएक डीबी कमी येतो, कोरड्या दिवसांत लिंक चालते आणि पहिल्या सरीला पडते. मग नाव पावसाचं होतं. आडवं झालं की उभं तसंच, मग दुसरं टोक, मग पुन्हा पहिलं. नट समोरासमोरचे आळीपाळीने थोडे थोडे आवळा, कारण आवळतानाच डिश सरकते. शेवटी वाचन उणे २२ च्या आसपास, दोन-तीन डीबीच्या फरकात यायला हवं. उणे ४० येत असेल तर खाली उतरू नका.

आणि केबल रेडिओत शिरण्याआधी तिला खाली एक झोका द्या, म्हणजे पाणी झोक्याच्या तळाशी ठिबकेल, ग्लँडमधून, म्हणजे केबल आत शिरते त्या बुचातून, आत जाणार नाही.