टूर कंपनीच्या मालकाचं उत्तर : "बुटांबद्दल कोणी काही सांगितलंच नाही" या रिव्ह्यूला

नमस्कार ताई,

तुमचा एक स्टारचा रिव्ह्यू वाचला. एवढा खर्च करून, एवढ्या लांब जाऊन मनासारखं झालं नाही, त्याबद्दल दिलगीर आहोत. दाजींना (टूरभर आम्ही सगळे त्यांना दाजीच म्हणत होतो, इथंही तेच म्हणतो) हिमनदीवर पाऊल ठेवता आलं नाही, याची रुखरुख आम्हालाही आहे.

इतर लोकही हे वाचणार, म्हणून तुमच्या तक्रारी आधी सांगतो. आइसलँडच्या सोल्हेमायोकुल हिमनदीवरची गाइडेड हाइक 'तीन तासांची' सांगितली आणि बर्फावर जेमतेम सव्वा तास फिरवलं. बर्फ पोस्टरसारखा निळा नव्हता, काळा होता. बर्फातल्या निळ्या गुहेत नेलं नाही. दाजींना बुटांवरून अडवलं, आणि बुटांबद्दल आम्ही आधी काहीही सांगितलं नव्हतं. वर त्यांना पार्किंगमध्ये उपाशी बसवून ठेवलं. आणि शेवटी, "कोल्हापुरात बसून आइसलँड विकणारे".

बाकीचं नंतर बघू. आधी बूट.

टूरच्या आधीची मीटिंग राजारामपुरीत हॉल घेऊन झाली, तुम्ही दोघंही आला होता, दुसऱ्या रांगेत बसला होता. मी टेबलावर दोन बूट ठेवले होते. एक घोट्याच्या वर जाणारा, जाड तळाचा ट्रेकिंगचा बूट. दुसरा आपण सकाळी रंकाळ्यावर फिरायला घालतो तसला स्पोर्ट्स शूज. दोन्ही हातांत धरून मधोमध वाकवून दाखवले. स्पोर्ट्स शूजची चपातीसारखी घडी झाली, ट्रेकिंगचा बूट वाकता वाकेना. तेव्हाच म्हटलं होतं, ज्याची घडी होते तो बर्फावर चालणार नाही. त्यावर दाजी मोठ्यानं म्हणाले, "अवो, आम्ही पन्हाळा पायताणावर चढतोय!" सगळा हॉल हसला. मीही हसलो. आता वाटतं, हसायला नको होतं.

पायताणाचा अभिमान आम्हालाही आहे. कोल्हापुरी चपलेला 2019 साली भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा आम्हीही ऑफिसात पेढे वाटले होते. पण बर्फावर चालताना बुटाखाली क्रॅम्पॉन बांधतात. ती पोलादी चौकट असते, खाली दहा-बारा टोकदार दात, वर पट्टे. पट्टे आवळले की चौकट आणि बूट एकजीव व्हायला पाहिजेत. तळ मऊ असला तर पाऊल टाकताना बूट वाकतो, चौकट वाकत नाही, टाच उचलली जाते आणि पट्टा सैल होतो. सपाटीवर फार तर क्रॅम्पॉन निघून पडेल. उतारावर निघाला तर माणूसच जातो, आणि खाली भेगा असतात, वितळलेलं पाणी ज्यातून गडप होतं अशा खोल विहिरी असतात. शिवाय त्यावर चालायचं म्हणजे पाय फाकवून, सगळे दात एकदम रुतवत. घोट्याला आधार नसला की मुरगळतो. ढगळ पँट घातली तर एका पायाचे दात दुसऱ्या पायाच्या कपड्यात अडकतात. म्हणून आम्ही पलाझो आणि जीन्स दोन्हीला नको म्हणतो, त्यात फॅशनचा काही संबंध नाही.

हे सगळं मीटिंगमध्ये सांगितलं. नंतर व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर लिहून टाकलं, त्यात ठळक अक्षरांत होतं : क्रॅम्पॉन, हेल्मेट, हार्नेस आणि बर्फाची कुऱ्हाड पॅकेजमध्ये आहे, बूट स्वतःचे आणावेत, नाहीतर तिथं भाड्यानं घ्यावेत, भाडं ज्याचं त्यानं द्यावं. ताई, त्या मेसेजवर तुमचा अंगठा आहे. स्क्रीनशॉट आमच्याकडे आहे. इथं टाकत नाही, कारण त्यात बाकीच्यांचे नंबर दिसतात.

नवे बूट पायात मुरावेत म्हणून आम्ही जूनमध्ये एका रविवारी मसाई पठारावर सराव ठेवला होता. पाऊस होता, चिखल होता. ग्रुपमधले बरेच जण आले. गडहिंग्लजच्या एक रिटायर्ड बाई, साठीच्या पुढच्या, भाच्याचे बूट दोन-दोन मोजे घालून आल्या आणि तेच बूट घालून पुढे आइसलँडला हिमनदीवर सगळ्यांच्या पुढे चालल्या. त्या दिवशी तुमच्या घरी पाहुणे होते, समजू शकतो. सराव सक्तीचा नव्हताच.

आता त्या दिवसाचं. दाजींचे बूट नवे होते, महागही असतील, पांढरेशुभ्र. तिथल्या गाइडनं पार्किंगमध्ये सगळ्यांची पावलं बघितली आणि दाजींचा बूट हातात घेऊन वाकवला. मी हॉलमध्ये वाकवला होता तसाच, हे सोबत गेलेल्या आमच्या टूर लीडर पोरानंच सांगितलं. बर्फावर कोणाला न्यायचं आणि कोणाला नाही, ते तिथं गाइडच ठरवतो. त्यात आम्ही पडू शकत नाही, आणि पडणारही नाही. भाड्याचे बूट होते, दाजींच्या मापाचेही होते. पण "दुसऱ्याच्या पायातलं मी घालणार नाही" असं ते म्हणाले. त्यांच्या मताचा आदर आहे. आमच्या पोरानं स्वतःच्या पायातले बूट काढून पुढे केले, ते एक नंबर लहान पडले. मग तोही बर्फावर गेला नाही, दाजींसोबत थांबला. तो पहिल्यांदाच आइसलँडला गेला होता. त्याचं नाव रिव्ह्यूत कुठंच नाही, एवढंच जरा लागलं.

आणि जीन्स. हे लिहायला नको वाटतं, पण विषय निघालाच आहे. रेक्याविकहून सोल्हेमायोकुल साधारण 160 किलोमीटर, वाटेत सेल्यालँड्सफॉस धबधबा लागतो, ज्याच्या पाठीमागून चालत जाता येतं. तो आम्ही मुद्दाम परतीच्या वाटेवर ठेवला होता, कारण माणूस तिथून भिजूनच बाहेर येतो. जाताना इंद्रधनुष्य दिसलं, तुम्ही गाडी थांबवायला लावली, बाकीच्यांनी मान ठेवला. दाजी जीन्सवर धबधब्यामागे जाऊन आले. भिजलेली जीन्स तिथल्या हवेत वाळत नाही. ऑगस्टातही 10 अंशांच्या आसपास असतं आणि हिमनदीवरून खाली येणारा वारा वेगळाच. म्हणजे बूट चालले असते तरी गाइड त्या पँटवर काय म्हणाला असता, मला शंकाच आहे.

वेळेचं थोडक्यात सांगतो. तीन तास म्हणजे गाडीतून उतरल्यापासून परत येईपर्यंत. सामान अंगावर चढवायला आणि क्रॅम्पॉनवर कसं चालायचं ते शिकवायला अर्धा तास सहज जातो. मग बर्फापर्यंत चालायचं, आणि ते चालणं वर्षागणिक वाढतंय. हिमनदी मागे सरकतेय, तिच्यापुढे आता तळं झालंय. जवळच्या शाळेतली मुलं 2010 पासून दर वर्षी जाऊन ते अंतर मोजतात. उरलेला वेळ बर्फावर. सोप्या हाइकमध्ये एक ते दीड तासच मिळतो, तुम्हाला सव्वा मिळाला. आमच्या पत्रकात 'बर्फावर तीन तास' असं कुठंही नाही, तरी ते आता जरा उलगडून लिहू.

काळा बर्फ. ताई, तो मळ नव्हे, राख आहे. सोल्हेमायोकुल ज्या मोठ्या हिमटोपीतून उतरते तिच्या पोटात कात्ला नावाचा ज्वालामुखी आहे, 1918 साली तो मोठा फुटला होता. 2010 साली ज्याच्या राखेनं युरोपभरची विमानं जमिनीवर बसवली, तो ज्वालामुखीही शेजारचाच. राखेचे थर बर्फात गाडले जातात आणि वरचा बर्फ वितळला की उघडे पडतात. ग्रुपमधल्या काहींना तेच सगळ्यात जास्त आवडलं. निळा रंग आत असतो, दाबून हवा निघून गेलेल्या घट्ट बर्फात, भेगांमध्ये डोकावलं की दिसतो. पोस्टरवरचा फोटो हिवाळ्यातला आहे. तो बदलायला दिला आहे, छापून आला की लावू.

निळ्या गुहेबद्दल मात्र मी एक शब्दही मागे घेणार नाही. दुसऱ्या कोणी दाखवली असेल, दाखवू दे. ऑगस्ट 2024 मध्ये आइसलँडमध्येच ब्रेयदामेर्कुरयोकुल नावाच्या दुसऱ्या हिमनदीवर बर्फाचा भाग कोसळून एका अमेरिकन पर्यटकाचा जीव गेला. उन्हाळ्यात वितळणाऱ्या बर्फाखाली माझी माणसं मी पाठवत नाही. त्यापायी एक स्टार मिळत असेल तर मिळू दे.

राहिलं कोल्हापूर. होय, कोल्हापुरात बसूनच विकतो. पुण्या-मुंबईत बसून विकणाऱ्यांनाही बर्फावर न्यायला तिथलाच गाइड लागतो, तो काही पुण्याहून जात नाही. फरक एवढाच की बूट वाकवून दाखवायला आमच्याकडे मालक स्वतः उभा असतो. आणि शेंगदाण्याची चटणी आमच्या आईनं करून दिली होती, ती सगळ्यांनी खाल्ली, तुम्हीही.

तुमचा रिव्ह्यू वाचून काल इचलकरंजीच्या एका कुटुंबानं बुकिंग थांबवलं. "बुटांचं पण सांगत नाहीत म्हणे," असं फोनवर म्हणाले. आमचं ऑफिस छोटं आहे. दोन माणसांचे पगार आहेत, गाळ्याचं भाडं आहे, आणि लोक आमच्याकडे एकमेकांच्या सांगण्यावरूनच येतात. म्हणून एवढं लांबलचक लिहिलं.

पुढच्या टूरपासून बुटांचं काहीतरी पक्कं करतोय, निघायच्या आधी प्रत्येकाचे बूट ऑफिसातच तपासायचे असा विचार आहे, बघू कसं जमतं ते. हाइकचे पैसे तिथल्या कंपनीकडून परत मिळत नाहीत, हे बुकिंगच्या वेळी सांगितलं होतं. तरी तुम्ही आणि दाजी एकदा ऑफिसला या, संध्याकाळी सहानंतर, सकाळी व्हिसाची गर्दी असते. समोरासमोर बोलू, काहीतरी मार्ग निघेल.

रिव्ह्यू काढा असं म्हणत नाही. स्टारही राहू द्या. फक्त "सांगितलंच नाही" एवढं एक वाक्य तेवढं बदलता आलं तर बघा.

आपला,
मालक

ता. क. : पार्किंगच्या शेजारी कॅफे आहे, दाजी तिथं आत बसले होते. सूप आणि दोन कॉफ्यांचे पैसे आमच्या पोरानं दिले. ते मागत नाही, फक्त "उपाशी" लिहिलंय म्हणून सांगितलं.